जवसाचं तेल तीन आठवड्यांत कडू का होतं?

प्रश्न थोडक्यात असा: गावाकडून आलेले १० किलो जवस लाकडी घाण्यावर दिले, २ किलो ८०० ग्रॅम तेल मिळालं. ते दोन दिवस उन्हात ठेवून निवळू दिलं आणि पाच लिटरच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये भरून स्वयंपाकघरात ठेवलं. पहिला आठवडा छान गेला. तीन आठवड्यांनी तेल कडू लागायला लागलं, कॅनच्या तोंडाशी चिकट थर धरला, फोडणीला वापरलं तर घरभर मासळीसारखा वास सुटला. घाणेवाल्यानं भेसळ केली का? तेल कमी दिलं का? ओमेगा-३ साठी हे तेल रोज किती घ्यायचं, कसं घ्यायचं?

आधी घाणेवाल्याबद्दल, कारण शंका त्याच्यावर आहे. माप बरोबर आहे. आपल्याकडच्या जवसात साधारण ३५ ते ४२ टक्के तेल असतं. लाकडी घाणा त्यातलं सगळं कधीच काढत नाही, पेंडीत १२ ते १५ टक्के तेल राहून जातं. म्हणजे १० किलोला पावणेतीन-तीन किलो तेल हा घाण्याचा सरळ हिशेब आहे. कुणी याच जवसातून साडेतीन-चार किलो काढून देतो म्हणाला, तर बी भाजून किंवा वाफवून गरम दाबलंय का, हे विचारा.

भेसळीचं म्हणाल, तर कॅनच्या तोंडावरचा तो चिकट, पिवळसर, वार्निशासारखा थरच तुमच्या घाणेवाल्याची बाजू घेतो. शेंगदाणा तेलाला किंवा पामोलिनला असा पापुद्रा धरत नाही. ते महिनोन्‌महिने तेलकटच राहतात. हवेत सुकून कातडं धरणारं तेल म्हणजे जवसाचं, आणि ते धरायला लावणारं मेदाम्ल (फॅटी ॲसिड) तेच, ज्याच्यासाठी तुम्ही हे तेल घेताय: अल्फा-लिनोलेनिक आम्ल.

हे एक मेदाम्ल नीट समजून घेतलं की बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. त्याची साखळी १८ कार्बनची. तीत तीन दुहेरी बंध: ९, १२ आणि १५ या जागांवर. शेपटीच्या टोकाकडून मोजलं तर पहिला बंध तिसऱ्या कार्बनवर येतो, म्हणून नाव ओमेगा-३. आता खरी मेख अशी की दोन दुहेरी बंधांच्या मधे जो कार्बन अडकलेला असतो, त्याचा हायड्रोजन फार सैल असतो. ऑक्सिजनची साखळी-प्रक्रिया सुरू होते ती तिथूनच. ओलेइक या दुसऱ्या मेदाम्लात दुहेरी बंध एकच, त्यामुळे असा सैल कार्बनच नाही. करडई-सूर्यफुलातल्या लिनोलेइकमध्ये एक आहे. अल्फा-लिनोलेनिकमध्ये दोन. हवेत खराब होण्याचा वेग ओलेइकचा १ धरला तर लिनोलेइकचा दहापटीच्या वर जातो आणि अल्फा-लिनोलेनिकचा त्याच्याही दुप्पट.

जवसाच्या तेलात हे आम्ल ५० ते ६० टक्के असतं. सोयाबीनमध्ये ते सहा-सात टक्क्यांच्या आसपास, मोहरीत दहाच्या आगेमागे, आणि शेंगदाणा, करडई, सूर्यफूल यांत जवळजवळ नाहीच. त्यामुळे शेंगदाणा तेलाला लावलेली घरगुती सवय, म्हणजे वर्षाचं तेल एकदाच काढून डब्यात भरून ठेवायची, जवसाला लागू होत नाही. हे तेल दुधाच्या जातीचं समजा. थोडं आणायचं, थंड ठेवायचं, लवकर संपवायचं. साठवायचंच असेल तर बी साठवा. अख्ख्या, न फुटलेल्या बियांत हेच तेल कोरड्या जागी वर्षभर चांगलं राहतं, कारण टरफल हवा आत येऊ देत नाही आणि बियांतली लिग्नान व ई-जीवनसत्त्व तेलाला धरून असतात.

तुमच्या तेलाचं नेमकं कुठे बिघडलं, ते आता क्रमानं पाहू.

पहिली मोठी चूक उन्हाची. घाण्याचं तेल उन्हात ठेवून निवळायची पद्धत शेंगदाणा-तिळाला बऱ्याच घरांत चालते. जवसाला ती मारक आहे. ताज्या तेलात थोडं हरितद्रव्य उतरलेलं असतं, बी कोवळं-हिरवट असेल तर जास्तच. ऊन पडलं की हे हरितद्रव्य ऑक्सिजनला अशा रूपात आणतं की तो मेदाम्लाच्या दुहेरी बंधावर थेट चढतो, आणि अंधारातल्या मंद प्रक्रियेच्या हजारपटीनं वेगवान होतो. तैलचित्रं काढणारे चित्रकार जवसाचं तेल मुद्दाम उन्हात ठेवतात, ते दाट व्हावं आणि रंग लवकर सुकावा म्हणून. आपल्या ताटात नेमकं तेच नको असतं. दोन दिवसांच्या उन्हात तुमच्या तेलाचं निम्मं आयुष्य संपलं असं धरून चाला.

दुसरी चूक कॅनची. २ किलो ८०० ग्रॅम म्हणजे साधारण तीन लिटर तेल. पाच लिटरच्या कॅनमध्ये वर दोन लिटर हवा राहिली. आकडा काढून बघा: दोन लिटर हवेत अर्धा ग्रॅमहून थोडा अधिक ऑक्सिजन असतो. तो सगळा तेलानं पिऊन घेतला तर पेरॉक्साइड अंक, म्हणजे तेलाला किती ऑक्सिजन लागला याचं माप, किलोमागे १२ मिलिइक्विव्हॅलंटच्या (हे त्या मापाचं एकक) आसपास वाढतो. थंड दाबाच्या, म्हणजे उष्णता न देता काढलेल्या, तेलाला कोडेक्स या खाद्यपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय मानकात या अंकाची कमाल मर्यादा १५ आहे. म्हणजे झाकण न उघडताही ती हवा तेलाला मर्यादेच्या दारापर्यंत नेते. आणि आपण झाकण रोज उघडतो, दर वेळी ताजी हवा आत जाते. तेल जसं कमी होतं तशी वरची हवा वाढते, म्हणून शेवटचा अर्धा लिटर सगळ्यात आधी कडू झाल्यासारखा वाटतो. पातळ प्लॅस्टिकच्या भिंतीतूनही थोडा थोडा ऑक्सिजन झिरपतो, आणि पारदर्शक कॅनमधून उजेड येतो तो वेगळाच.

तिसरी गोष्ट स्वयंपाकघराच्या उष्णतेची. दर १० अंशांना ही प्रक्रिया ढोबळमानानं दुप्पट होते. ओट्याशेजारी ३५ अंश आणि फ्रीजमध्ये ५ अंश, म्हणजे तीन पायऱ्या, आठपट फरक. तीन आठवड्यांचं आयुष्य तिथेच पाच-सहा महिन्यांपर्यंत ताणलं गेलं असतं, निदान कागदावर. प्रत्यक्षात झाकण उघडलं जातंच, त्यामुळे फ्रीजमधली उघडलेली बाटली सहा ते आठ आठवड्यांत संपवावी.

कडूपणाबद्दल मात्र एक बारकावा आहे, आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. कडू आणि खवट या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. जवसात सायक्लोलिनोपेप्टाइड नावाची छोटी वर्तुळाकार प्रथिनद्रव्यं असतात, ती तेलासोबत उतरतात. ताज्या तेलात त्यांना चव नसते. त्यांतल्या मेथिओनिन या घटकाला ऑक्सिजन लागला की ती कडू होतात, आणि हे घडतं तेल खवट वासाला लागण्याच्या आधी. म्हणून असं तेल मिळू शकतं जे जिभेला कडू आहे, पण नाकाला अजून ठीक वाटतं. असं तेल विषारी झालेलं नसतं, पण घड्याळ सुरू झाल्याची ती खूण आहे. आठवड्याभरात संपवा. वास बदलला की मात्र थांबा. ताज्या तेलाला ओल्या गवताचा, थोडा अक्रोडासारखा वास असतो. बिघडलेल्याला आधी ओल्या रंगाचा, मग खिडकीच्या काचेला लावायच्या लांबीचा (पुट्टीचा), शेवटी मासळीचा येतो. लांबीचा वास आठवून बघा, तो खरं तर जवसाच्या तेलाचाच असतो, कारण जुनी लांबी खडूची भुकटी आणि हे तेल मळूनच करतात. तुमच्या तेलाला कडूपणा, पापुद्रा आणि वास तिन्ही आले आहेत. ते आता खाऊ नका, गाईम्हशीलाही घालू नका.

कडू आणि खवट यांशिवाय तिसरा बिघाड वेगळ्या जातीचा असतो आणि तो बियांतून येतो. ओलं किंवा फुटकं बी असेल तर त्यातलं लायपेज हे विकर (एन्झाइम) तेलाचे रेणू तोडून मेदाम्लं मोकळी करतं. घशात खवखवणारं तेल बहुतेक यातलं. प्रयोगशाळेत हे आम्लांकावरून, म्हणजे मोकळ्या मेदाम्लांच्या मापावरून, कळतं. थंड दाबाच्या तेलाला कोडेक्सची मर्यादा ४ आहे, आणि चांगल्या बियांचं ताजं तेल त्याच्या बरंच खाली राहतं. तेल काढल्यावर हा बिघाड दुरुस्त करता येत नाही, म्हणून पुढच्या वेळी सुरुवात बियांपासून करा.

बी घ्यायचं ते असं. मूठभर जवस तळहातावर पसरून उजेडात बघा. चांगलं बी गुळगुळीत, चकचकीत असतं, बोटांतून पाण्यासारखं घसरतं. निस्तेज, सुरकुतलेलं किंवा हिरवट बी शेकड्याला पाच-सहाच्या वर दिसलं तर तेलासाठी घेऊ नका, चटणीला वापरा. चाळणीनं माती, काडीकचरा आणि फुटके दाणे काढा. फुटक्या दाण्यातलं तेल आधीच हवेला लागलेलं असतं, आणि एक खराब मूठ पूर्ण घाण्याच्या तेलाला वास लावते. ओलावा ६ ते ८ टक्के हवा. घरी मीटर नसतो, तर दाताखाली दाणा धरा. टक्‌ असा आवाज होऊन तुटला तर ठीक, दबून चपटा झाला तर ओला. ओला असेल तर पातळ पसरून एक दिवस ऊन द्या. अख्ख्या बियांना ऊन चालतं, तेलाला चालत नाही. मात्र उन्हातून उचललेलं गरम बी लगेच घाण्यात घालू नका, रात्रभर गार होऊ द्या.

वाणाबद्दलही विचारून घ्या. विदर्भ-मराठवाड्यात पिकणाऱ्या नेहमीच्या जवसात, नागपूरच्या एनएल मालिकेतल्या वाणांत किंवा लातूरच्या एलएसएल-९३ मध्ये, अल्फा-लिनोलेनिक भरपूर असतं. पण स्वयंपाकासाठी टिकाऊ तेल मिळावं म्हणून हे आम्ल मुद्दाम जवळजवळ काढून टाकलेले वाणही आहेत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं विकसित केलेला टीएल-९९ त्यातलाच. ऑस्ट्रेलियात असेच वाण आधी तयार झाले, त्यात हे आम्ल दोन टक्क्यांच्या आसपास उरतं. तळणाला ते उत्तम. ओमेगा-३ साठी त्यांचं तेल घेणं म्हणजे रिकामं पाकीट घेणं. त्यामुळे घेण्याआधी विचाराच.

घाण्यावर उभं राहून काय बघायचं? एक, आधीच्या घाण्याचं तेल. लाकडी उखळाच्या आणि मुसळाच्या रंध्रांत जुनं तेल मुरलेलं असतं. तिथे जुनं जवस वाळून गोंदासारखं चिकटलेलं असेल तर ते नव्या तेलाला विरजणाचं काम करतं. दुधाला कसं चमचाभर विरजण पुरतं, तसंच. पेरॉक्साइडचा अंश लागला की साखळी-प्रक्रिया पहिल्या दिवसापासून पळायला लागते. उखळ खरवडून, कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायला सांगा आणि पहिलं पाव लिटर तेल वेगळं धरा. ते आधी संपवा. दोन, पाणी. शेंगदाणा-तिळाच्या घाण्यात पाणी शिंपडतात, तेल सुटायला मदत होते. जवसाच्या टरफलात मात्र चिकट द्रव्य असतं, भिजवलेल्या जवसाला जो बुळबुळीतपणा येतो तेच. पाणी जास्त झालं तर लगदा घसरत राहतो, दाब बसत नाही, आणि तेल गढूळ, चिकट निघतं. पाणी शक्य तितकं कमी, हाताच्या शिंतोड्यांनी, दोन-तीन वेळांत विभागून. तीन, उष्णता. बाहेर पडणाऱ्या धारेखाली बोट धरा. कोमट लागलं तर चांगलं, चटका बसत असेल तर गती जास्त आहे किंवा पेंड फार घट्ट झाली आहे. लोखंडी स्क्रू-प्रेसवर काढत असाल तर हे अधिक महत्त्वाचं, कारण तोंड बारीक ठेवलं की तेल वाढतं आणि तापमानही झपाट्यानं चढतं. तेलाची धार ५० अंशांच्या आत ठेवा आणि पेंडीत थोडं जास्त राहिलं तर राहू द्या. ती वाया जात नाही, जनावरांच्या खुराकात ती चांगली.

भाजलेल्या बियांचं तेल काढून देऊ का असं कुणी विचारलं, तर ओमेगा-३ साठी नको म्हणा. वास सुंदर येतो, पण ते थंड दाबाचं तेल राहत नाही.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं. तांबं-पितळ अजिबात नको, लोखंडही नको. तांब्याचा अंश लाखात एक भाग जरी तेलात उतरला तरी खवटपणाला तो घाईला लावतो. जुन्या पितळी डब्यात साठवलेलं जवसाचं तेल आठवड्यात जातं ते यामुळेच. नरसाळंही स्टीलचं घ्या.

निवळायला तेल स्टीलच्या उंच डब्यात, गळ्यापर्यंत भरून, झाकण लावून, अंधाऱ्या थंड जागी दोन-तीन दिवस ठेवा. तळाला करडा-पिवळा गाळ बसतो. वरचं तेल ओतू नका, ओतताना गाळ हलतो आणि हवाही मिसळते. स्वच्छ, कोरडी पातळ नळी घालून वरचं तेल वळतं करा. नळीचं टोक बाटलीच्या तळाशी ठेवा, म्हणजे धार हवेतून पडत नाही. मलमलच्या दुहेरी कापडातून गाळायचं असेल तर बाटलीत भरण्याआधी एकदाच. तळाचा शेवटचा पाव-अर्धा लिटर गाळासकट बाजूला काढा. तो पेंडीत मिसळा.

बाटल्या गडद तपकिरी काचेच्या, २०० किंवा २५० मिलीच्या. आतून पूर्ण कोरड्या. पाण्याचा थेंब राहिला तर तेल धुरकट होतं आणि तळाशी कुजकट वास येतो. काठोकाठ भरा, बूच आणि तेल यांच्यात बोटभरही जागा नको. एक बाटली फ्रीजच्या आतल्या कप्प्यात, दारात नाही, कारण दाराचं तापमान दिवसभर वर-खाली होतं. बाकीच्या डीप फ्रीझरमध्ये. जवसाचं तेल इतकं पातळ मेदाम्लांचं आहे की घरच्या फ्रीझरच्या उणे १८ अंशांतही ते सहसा गोठत नाही, फक्त दाटसर होतं. त्यामुळे बाटली फुटायची भीती नाही. बाहेर काढली की लागेल तेवढं ओता आणि लगेच आत ठेवा. ओट्यावर राहिली तर बाहेरच्या ओलाव्याचे थेंब तोंडातून आत जातात. ओतून झाल्यावर बाटलीचं तोंड आणि बुचाचे आटे कोरड्या कागदानं पुसा. पापुद्रा तिथेच आधी धरतो, आणि तिथला खवट अंश दर वेळी ताज्या तेलात उतरतो.

घरी करता येण्यासारखी एक तपासणी याच गोठण्याच्या गुणावर आहे. वाटीभर तेल काचेच्या भांड्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. शुद्ध जवसाचं तेल सकाळी वाहतं असतं. टरफलातल्या मेणामुळे किंचित धुकं दिसू शकतं, त्याची काळजी नको. पण तळाला तुपासारखे दाणे बसले किंवा अर्धं भांडं घट्ट झालं तर पामोलिनसारखं थंडीत गोठणारं तेल मिसळलेलं असू शकतं. सोयाबीनची भेसळ या परीक्षेत सापडत नाही, तेही फ्रीजमध्ये पातळच राहतं. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत मेदाम्लांची वर्गवारी करून घ्या. नेहमीच्या जवसात अल्फा-लिनोलेनिक ४५ टक्क्यांच्या बरंच खाली दिसलं तर काहीतरी मिसळलंय. आयोडीन अंक, म्हणजे तेलात दुहेरी बंध किती याचं माप, १७० च्या खाली असेल तरी तोच अर्थ. तिथेच पेरॉक्साइड अंक आणि आम्लांकही मागून घ्या. या चार आकड्यांत तेलाचा सगळा इतिहास येतो.

आता खाण्याचं. फोडणीला हे तेल नको. न शुद्ध केलेलं जवसाचं तेल १०७ अंशांच्या आसपासच धुरायला लागतं, आणि मोहरी तडतडायला तेल त्याच्या बरंच वर न्यावं लागतं. त्या उष्णतेत अल्फा-लिनोलेनिकच्या साखळ्या तुटून छोटी, उडून जाणारी अल्डिहाइडं तयार होतात. घरभर पसरलेला मासळीचा वास त्यांचा. विदर्भात जवसाचं तेल पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं गेलं, मग तेव्हा कसं चालायचं, हा प्रश्न रास्त आहे. तेल थोडं थोडं, ताजं आणलं जाई, ही त्यातली मोठी गोष्ट. आणि ते पोट भरायला लागणारं तेल होतं. आज आपण ते एका मेदाम्लासाठी घेतो, तर ते मेदाम्ल जपूनच वापरायला हवं. फोडणी शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलाची करा. जवसाचं तेल ताटात घ्या: भाकरीबरोबरच्या कोरड्या चटणीवर धार, कोशिंबिरीवर, दह्यात कालवून, किंवा वरण-भातावर तुपाऐवजी. पदार्थ गरम असला तरी चालतो, चुलीवर नको इतकंच.

किती? सपाट चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली, यात साधारण साडेचार ग्रॅम तेल आणि त्यात जवळपास अडीच ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक. अमेरिकी आहारमानकात प्रौढ पुरुषाला रोज १.६ ग्रॅम आणि स्त्रीला १.१ ग्रॅम पुरेसं धरलं आहे. म्हणजे रोज एक चमचा गरजेपेक्षा जास्तच झाला. दोन-तीन मोठे चमचे प्यायचा सल्ला कुणी दिला तर मानू नका. एका मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात आणि पोट सैल होतं ते वेगळं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर डॉक्टरांना सांगूनच घ्या.

या मेदाम्लाकडून अपेक्षा मात्र योग्य ठेवा. शरीर ते स्वतः बनवू शकत नाही, म्हणून ते अन्नातून मिळायलाच हवं, हे निर्विवाद. पण माशाच्या तेलातली ईपीए आणि डीएचए ही वेगळी, लांब साखळीची ओमेगा-३ आहेत. शरीर अल्फा-लिनोलेनिकपासून ती बनवतं, पण फार थोडी: ईपीए शेकडा काही भाग आणि डीएचए बहुधा एक टक्क्याहूनही कमी. तरुण स्त्रियांमध्ये हे रूपांतर जरा बरं होतं. शिवाय ज्या विकरानं हे काम होतं, त्याच विकरासाठी सूर्यफूल-करडई-सोयाबीनमधलं लिनोलेइक रांगेत उभं असतं. तळण त्या तेलात भरपूर आणि वरून चमचाभर जवस, असं केलं तर चमच्याचा उपयोग कमी होतो. आधी एकूण तेल आवरा. आणि जवसाच्या तेलानं नसांतले अडथळे विरघळतात हे ऐकलं असेल तर ते सोडून द्या. हृदयरोगावरची औषधं या तेलाच्या भरवशावर बंद करू नका.

घरात शाकाहार असेल आणि इतकी बाटल्या-फ्रीजची उस्तवार नको असेल, तर तेल काढण्याऐवजी जवसाची चटणी करा, आणि मी म्हणेन तीच करा. तेलात लिग्नान उतरत नाही, चोथा उतरत नाही, ते चिकट द्रव्यही उतरत नाही. बियांत सगळं आहे. ७ ग्रॅम बी, म्हणजे भरडलेल्या जवसाचा एक मोठा चमचा, यात दीड ग्रॅमच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक मिळतं. दिवसाची गरज तिथेच भागते. बी मात्र दळलेलंच हवं, अख्खं गिळलं तर तसंच बाहेर पडतं.

१०० ग्रॅम जवस जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता. आधी हलका फटफट आवाज येतो, दाणे फुगतात. मग आवाज मंदावतो आणि दाणा दाताखाली कुरकुरीत तुटतो. तिथे उतरवा आणि कढईतून लगेच ताटात काढा, नाहीतर कढईच्या उष्णतेनं करपून कडू होतात. करपलेला कडूपणा आणि तेलातला कडूपणा यात गल्लत होते ती इथे. पूर्ण गार झाल्यावर आठ-दहा भाजलेल्या सुक्या मिरच्या, दहा-बारा लसणाच्या पाकळ्या, चमचाभर जिरं आणि मीठ घालून मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलं तर भांडं तापतं, तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होतो. अख्ख्या बियांत थोडा वेळ भाजल्यानं अल्फा-लिनोलेनिकला फारसा धक्का लागत नाही, कारण ते टरफलाच्या आत असतं. उलट कच्च्या जवसात सायनाइड सोडू शकणारी द्रव्यं थोडी असतात, ती भाजल्यानं कमी होतात. ही द्रव्यं पाण्यात विरघळणारी, त्यामुळे तेलात ती उतरत नाहीत, पेंडीत राहतात. म्हणूनच पेंड जनावरांना एकदम भरपूर घालायची नसते, आणि कोमट पाण्यात भिजवून तासन्‌तास ठेवायचीही नसते. चटणी काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये, महिन्याभराचीच करा.

तुमच्या दहा किलोचा पुढच्या वेळचा हिशेब असा धरा. माणशी रोज एक चमचा, चौघांच्या घरात महिन्याला ६०० मिली. तेवढ्या तेलाला साधारण दोन किलो बी पुरतं, पण बहुतेक घाण्यांवर इतका छोटा घाणा घेत नाहीत. शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून एक घाणा काढावा आणि तेल त्याच दिवशी वाटून घ्यावं. उरलेलं बी कोरड्या डब्यात, पुढच्या महिन्यासाठी.

राहिलं हे बिघडलेलं तेल. ते फेकू नका. कुदळ-फावड्याचे दांडे, पाटा-चौरंग, क्रिकेटची बॅट यांना ते उत्तम. अगदी पातळ हात मारा, वीस मिनिटांनी न मुरलेलं सगळं पुसून काढा, आणि दुसरा हात दोन-तीन दिवसांनी. जाड लावलं तर आठवडे चिकट राहतं. पाच भाग खडूची भुकटी आणि एक भाग तेल, वजनानं, कणकेसारखं मळलं की खिडकीची लांबी होते. उलट बाजूनं मात्र जाऊ नका: रंगाच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ जवसाचं तेल कधीही खाऊ नका, त्यात लवकर सुकण्यासाठी कोबाल्ट-मँगनीजसारखे धातूंचे क्षार घातलेले असतात.

आणि तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. याच मेदाम्लाला हवा लागून सुकताना उष्णता सुटते. बोळ्यात ती कोंडते आणि कापड काडी न लावता पेट घेतं. १९९१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ३८ मजली वन मेरिडियन प्लाझा इमारतीला लागलेली आग अशाच जवसाच्या तेलाच्या फडक्यांतून सुरू झाली, आणि तीत अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. फडकं पाण्यात बुडवून ठेवा किंवा अंगणात तारेवर एकेरी पसरून वाळत घाला. पूर्ण कडक झालं की मगच कचऱ्यात टाका.